नर्सबाईंची कालवड

डहाणूत त्या काळी तिशीच्या आतल्या निम्म्या माणसांनी पहिला श्वास नर्सबाईंच्या हातावर घेतला होता, आणि ही गोष्ट नर्सबाई कुणाला विसरू देत नसत. किराणा दुकानाचा मालक साखर जोखायला वेळ लावू लागला की त्या छत्रीचं टोक जमिनीवर टेकवून शांतपणे म्हणत, "तुझं डोकं बाहेर यायला अकरा तास लागले होते. तेव्हापासून तू असाच." दुकानात गिऱ्हाइकं असत, मालकाची स्वतःची मुलं असत. तो बिचारा मान खाली घालून पुडी बांधत असे.

डहाणू महाराष्ट्रात राहणार की गुजरातेत जाणार, यावर तेव्हा गावात सारख्या सभा होत. अशाच एका सभेत वक्ता फार आवेशात आला, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या नर्सबाई शेजारणीला म्हणाल्या, "हा पायाळू. तेव्हाही उलटाच आला होता." त्यांना हळू बोलता येत नसे. सभेत हशा पिकला आणि वक्त्याचं पुढचं भाषण त्यातच बुडालं. त्यांचं स्वतःचं मत कुणी विचारलंच तर त्या म्हणत, "डहाणू कुठेही जाऊ दे. पोरं नवव्या महिन्यातच येणार."

मी बावीस वर्षांची असताना डहाणूच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले आणि नर्सबाईंच्या घरी एका खोलीत भाड्याने राहू लागले. खाडीच्या बाजूला, चिकूच्या दोन आणि आंब्याच्या एका झाडामागे त्यांचं कौलारू घर होतं. मी चार वर्षं तिथे काढली. चार वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी मास्तरीण होते. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं हे गावात कुणाला नक्की ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. पांढरंशुभ्र खळ घातलेलं लुगडं, पोलक्यावर पिनेने अडकवलेलं घड्याळ, आणि हातात ऊन असो नसो छत्री. घरात शिरणाऱ्या माणसाने पाय धुवायचे, हात धुवायचे आणि मगच तोंड उघडायचं, असा नियम होता. माझ्या वडिलांनाही त्यांनी पाय धुवायला परत पाठवलं होतं. ते वाईहून दोन दिवसांचा प्रवास करून आले होते.

दर मंगळवारी दवाखान्याच्या ओसरीवर त्या बायकांना उपदेश करत. मला सुट्टी असली की मीही ऐकायला बसे, कारण गावात दुसरी करमणूक नव्हती. विषय ठरलेला असे.

"मूल वर्षाचं झालं की अंगावरचं दूध बंद. मऊ भात द्या, पेज द्या, वरचं दूध द्या. रडलं तर रडू द्या. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी जेवेल. तुमचा जीव कळवळतो म्हणून त्याचं पोट बिघडतं. माया घड्याळात बसली पाहिजे."

सगळ्यांत जास्त बोलणी खाई ती हिरा. हिरा आमच्या शेजारची कोळीण. घरातली माणसं बोटीवर जात आणि ती टोपली घेऊन मासळी विके. तिचा धाकटा तीन वर्षांचा झाला होता, तरी उभ्या उभ्या येऊन पीत असे. नर्सबाई सगळ्यांदेखत म्हणत, "हिरा, हा उद्या शाळेत जाईल आणि मधल्या सुट्टीत प्यायला घरी येईल. मग मास्तरीण त्याचा कान धरेल का तुझा?" ओसरीवरच्या बायका हसत. हिरा पदर तोंडाला लावून खाली बघे.

माझ्या दुसऱ्या वर्षी, चैत्राच्या सुमाराला, नर्सबाईंची गाय व्याली. ही गाय त्यांनी पुढे पेन्शनीत घरचं दूध असावं म्हणून घेतली होती. नवव्या दिवशी चिकूच्या झाडाखाली तिला साप चावला आणि तासाभरात ती गेली. मागे उरली नऊ दिवसांची तांबूस कालवड. कपाळावर पांढरा ठिपका, गुडघे जाड, आणि सतत हंबरडा.

हिराने सांगितलं, गवळ्याला द्या, तो दुसऱ्या गाईला लावील. नर्सबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने एखादं बाळ उकिरड्यावर ठेवायला सांगितलं होतं. "बाटलीवर वाढवलेली माझी सतरा मुलं आज चालती बोलती आहेत," त्या म्हणाल्या. "हिला बादलीवर वाढवीन."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गोठ्याचा वॉर्ड झाला. बादली सोडा घालून उकळली जाई. गवळ्याकडून आलेलं दूध कोमट करून त्यात थर्मामीटर बुडवला जाई. वासराला बादलीत पिणं ठाऊक नसतं, ते वर बघून आचळ शोधतं. नर्सबाई दोन बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात देत, ती बोटं चोखू लागली की हात हळूहळू बादलीत खाली नेत, आणि तोंड दुधाला लागलं की बोटं काढून घेत. पहिले दोन दिवस कालवड नाकाने दूध ओढी आणि मोठ्याने शिंकरे. खळ घातलेलं पांढरं लुगडं दिवसातून तीनदा बदलावं लागे. तिसऱ्या दिवशी ती बोटांवाचून प्यायली. नर्सबाईंनी घड्याळ बघितलं आणि मला म्हणाल्या, "लिही. सहा वाजून वीस मिनिटं. पेशंटने स्वतः घेतलं."

लिहायचं काम माझ्याकडे होतं. गोठ्याच्या दाराला तक्ता टांगला होता. त्यात ताप, दूध आणि शेण असे तीन रकाने होते. मी बीजगणित शिकवणारी बाई, रोज सकाळी शेणाचा रंग लिहून शाळेत जात असे.

पहिल्याच आठवड्यात नर्सबाईंनी कालवडीचा ताप बघितला. तो निघाला एकशे एक पॉइंट पाच. त्यांनी तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या आणि मला जनावरांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. हे डॉक्टर तरुण होते, नुकतेच तालुक्याला आले होते. सायकलवरून घाईघाईने आले, बघितलं आणि म्हणाले, "बाई, वासराला एवढं नॉर्मलच असतं."

"तुमच्याकडे असेल," नर्सबाई म्हणाल्या. "माझ्या घरात अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

डॉक्टर वाद घालू शकत नव्हते. त्यांच्या बायकोला सातवा महिना होता आणि तालुक्यात नर्स एकच होती.

तरी सगळं नीट चाललं होतं, हे कबूल केलं पाहिजे. कालवड कधी पातळ हगली नाही, कधी मलूल झाली नाही. तीन महिन्यांची झाली तेव्हा तिचं अंग आरशासारखं चकाकत होतं. डॉक्टर येऊन बघून गेले आणि त्यांनी पुढचं सांगितलं. आता दूध हळूहळू कमी करायचं. दूध पिऊन झालं की लगेच मूठभर भरड आणि कोंडा तोंडाला लावायचा, म्हणजे चाटता चाटता चव कळते. समोर कोवळं गवत टाकून ठेवायचं, पाणी ठेवायचं. भरड नीट खाऊ लागली की महिन्याभरात दूध बंद. "तिच्या पोटाला चारा पचवायची सवय लागली पाहिजे, बाई. ती दुधाने लागत नाही."

नर्सबाईंनी मान डोलावली. "मला शिकवू नका. गेली सत्तावीस वर्षं मी हेच सांगते आहे."

आणि मग नर्सबाईंचं दुसरंच रूप मला दिसलं.

पहिल्या दिवशी अर्धा शेर कमी करायचं ठरलं होतं. संध्याकाळी कालवडीने रिकामी बादली डोक्याने ढकलली आणि एकदा हंबरली. फार मोठ्याने नाही. नर्सबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि अर्धा शेर घेऊन परत आल्या. "आज वारा खाडीवरून आहे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे ओढल्यासारखे दिसत होते. चौथ्या दिवशी मी तक्त्यावर दुधाचा आकडा लिहिला तर तो पहिल्यापेक्षा पाव शेराने वाढलेला होता. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "वाढत्या अंगाचं आहे. तू आकडे लिही, निदान करू नकोस."

भरड तिच्या तोंडाला लावली ती कालवडीने थुंकली, आणि नर्सबाईंनी ती भरड गवळ्याच्या म्हशीला देऊन टाकली. गवत समोर पडे आणि वाळे. चार महिने झाले, पाच झाले, सहा झाले. बादली पाच शेरांवर गेली. कालवड आता माझ्या कमरेएवढी उंच होती आणि दिसेल ते चोखत होती. बादलीचा कान, खुंटीवरचा टॉवेल, दोरीवर वाळत घातलेले परकर. मी वाकून तक्ता लिहीत असताना माझ्या वेणीचं टोक तिच्या तोंडात गेलं, ते सोडवायला पाच मिनिटं लागली. "किती प्रेमळ आहे बघ," नर्सबाई म्हणाल्या.

मंगळवारचा उपदेश मात्र चालूच होता. शब्दही तेच. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी जेवेल. ते ऐकताना मी नजर जमिनीवर ठेवायला शिकले होते. हिराला मात्र ते जमलं नाही. एका मंगळवारी ती ओसरीवरून फार आदराने म्हणाली, "नर्सबाय, तुमची पोर आता केवढ्याची झाली?"

ओसरीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

"ती जनावर आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"व्हय. म्हणून इचारलं. माझा तर मानूसच हाय."

त्या दिवशी नर्सबाई तरातरा घरी आल्या त्या कडुनिंबाचा पाला वाटायला बसल्या. मुलांची सवय मोडायला त्या हाच पाला बायकांना लावायला सांगत. तो त्यांनी बादलीच्या काठाला गच्च लावला. कालवडीने वास घेतला, काठ चाटला, पुन्हा चाटला, आणि दूध पिण्याआधी सगळा पाला संपवला. त्या दिवसापासून कडुनिंब नसला तर ती बादलीला तोंड लावीना.

दिवाळी झाली आणि कालवड खाली बसली. उठेना. पोट मडक्यासारखं लोंबत होतं, अंगावरचे केस राठ झाले होते, आणि पांढरं पातळ हगत होती. नर्सबाई दोन दिवस दवाखान्यात गेल्या नाहीत. सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. त्या गोठ्यात पाट टाकून बसल्या होत्या आणि दर तासाला ताप बघत होत्या. तक्ता त्यांनी स्वतः लिहायला घेतला होता.

डॉक्टर आले. त्यांनी पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं. तोपर्यंत त्यांच्या बायकोचं बाळंतपण सुखरूप झालं होतं, म्हणूनही असेल, पण त्या दिवशी ते घाबरले नाहीत.

"हिने कधी रवंथ केलेलं बघितलंय?"

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी बघितलं नव्हतं. तक्त्यात तो रकानाच नव्हता.

"सात महिन्यांचं जनावर आणि रवंथ नाही. हिला रोग काही नाही, बाई. तुम्ही हिला उपाशी ठेवलंय. पाच शेर दूध पाजून उपाशी ठेवलंय. आता मी औषध देतो, ही उठेल. पण बादली थांबली नाही तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही जगायची नाही."

मला वाटलं, आता त्या डॉक्टरांच्या जन्माचं काहीतरी काढतील. पण ते डहाणूत जन्मलेले नव्हते. त्या नुसत्या म्हणाल्या, "मला जमत नाही. मी रोज ठरवते."

असलं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

त्या वेळी अंगणात लाडकी उभी होती. लाडकी तळासरीच्या पलीकडल्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. गवत कापणीच्या दिवसांत ती आणि तिचा नवरा बैलगाडी भरून गवत घेऊन डहाणूला येत, आणि आमच्याकडे दोन भारे टाकून जात, जे कुणीच खात नसे. सगळ्या जगाला ती अरेतुरे करी. डॉक्टरांनाही, मामलेदारांनाही. नर्सबाईंनी तिला दोनदा सुधारायचा प्रयत्न करून सोडून दिला होता.

"ती गवत कशी खाईल, बाय?" लाडकी म्हणाली. "तिनं कुनाला गवत खाताना बघितलाच नाय. तुला बघते नि मास्तरनीला बघते. तुमी दोघी चा पिता."

डॉक्टर हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती बरोबर बोलते आहे.

"माझ्याकडं दे पंदरा दिस," लाडकी म्हणाली. "माझी चार वासरा हायत. त्यांच्यात सोडतंय."

कालवड तिसऱ्या दिवशी उठली आणि पुढच्या आठवड्यात लाडकीच्या रिकाम्या गाडीतून डोंगराकडे निघाली. नर्सबाईंनी तिच्याबरोबर एक कागद दिला. त्यावर अकरा सूचना होत्या. पहिली अशी, की पाणी उकळून द्यावं. लाडकीने कागद घेतला, उलटसुलट बघितला आणि कमरेला खोचला. पुढे कळलं की त्यात तिने तंबाखू बांधली होती.

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी नर्सबाई छत्री घेऊन तयार होत्या. दुसऱ्या हातात बादली होती, तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं.

"नुसतं बघून येऊ," त्या म्हणाल्या.

एस.टी.च्या कंडक्टरने बादली टपावर ठेवायला सांगितली. नर्सबाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. कंडक्टर डहाणूचाच होता. त्याने लगेच पुढची जागा रिकामी करून दिली. तळासरीपर्यंत त्या बादली मांडीवर धरून बसल्या आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्यावर हात दाबत राहिल्या. तिथून पाड्यापर्यंत दीड तास पायवाट होती. कापलेल्या भाताची शेतं, मग नागलीचे, म्हणजे नाचणीचे, तुकडे, मग चढ. मी दोनदा म्हटलं, मी धरते. त्यांनी दिली नाही.

लाडकीच्या झोपडीमागच्या उतारावर वासरं चरत होती. पाच होती, आणि पाचवी आमची होती. अंग धुळीने माखलेलं, पाठीवर काटे, पण मान खाली होती आणि तोंड चालू होतं. नर्सबाई जागच्या जागी थांबल्या. बादलीची कडी हलली आणि किणकिण वाजली.

कालवडीने मान वर केली. कान पुढे आले. ती दोन पावलं चालली, मग पळत निघाली.

लाडकी कुठून आली ते मला दिसलं नाही. ती मधे उभी राहिली, कालवडीच्या नाकावर तिने एक चापट मारली आणि तिला मागे फिरवलं. मग आमच्याकडे आली.

"तू कशाला आलीस?"

"नुसती बघायला आले," नर्सबाई म्हणाल्या.

"बघाया बादली कशाला?"

ज्या बाईने सत्तावीस वर्षं सासवांना, नवऱ्यांना, वडिलांना घड्याळ दाखवून बाळंतिणीच्या खोलीबाहेर काढलं होतं, तिला लाडकीने हाताने दाखवलं की त्या तिकडे, झोपडीच्या पुढल्या अंगाला बस, इथून दिसू नकोस. आणि नर्सबाई गेल्या. ओट्यावर बसल्या, छत्री बाजूला ठेवली, बादली पायांशी.

"आज तिला दिलास ना, तर चार दिसांचा सगळा फुकट," लाडकी म्हणाली. "तिची आय असती तर लाथ मारली असती तिनं. वखत झाला का मारते. पोर कितीबी आरडला तरी मारते."

"आणि मी?"

"तुला नाय जमायचा."

पाड्यावरची पाचसात मुलं येऊन आमच्याभोवती उभी राहिली होती. हातापायांच्या काड्या, पोटं पुढे आलेली. नर्सबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांची नजर मला ओळखीची होती, दवाखान्यातली. त्यांनी एकाची पापणी खाली ओढून बघितली. मग बादलीचं फडकं सोडलं.

"ह्यांना दे हे," त्या म्हणाल्या.

लाडकीने पळसाच्या पानांचे द्रोण केले. मुलांनी एकेक घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली. एकाने थुंकलं. सर्वांत लहान मुलगी आईच्या मागे पळाली.

"आमी दूध काडीत नाय, बाय," लाडकी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "दूध वासराचा असते. पोरांना नागलीची आंबील."

"पण मी तर दर मंगळवारी सांगते. वरचं दूध द्या म्हणून. तू होतीस की दोनदा ओसरीवर. बोलली का नाहीस?"

"तू इचारलास कुठं?"

परत येताना बादली माझ्या हातात होती. एस.टी.त त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. तळासरी मागे पडल्यावर एकदाच म्हणाल्या, "नागली काही वाईट नाही. नागलीत चांगलं सत्त्व असतं." ते त्या माझ्याशी बोलत होत्या असं मला वाटलं नाही.

पंधरा दिवसांचा महिना झाला. कालवड परत आली तेव्हा पोट आत गेलं होतं आणि ती गाडीतून स्वतः उडी मारून उतरली. नर्सबाई पुढे झाल्या, हात पुढे केला. कालवडीने हात हुंगला, एकदा चाटला, आणि कुंपणाशी जाऊन गवत खाऊ लागली.

"ओळखलं नाही," नर्सबाई म्हणाल्या.

"वळखला," लाडकी म्हणाली. "भूक नव्हती तिला."

त्या दुपारी कालवड आंब्याखाली बसून रवंथ करत होती. नर्सबाई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि पोलक्यावरचं घड्याळ हातात धरून तिचे घास मोजत होत्या. मला तक्त्यात नवा रकाना आखायला लावला.

पुढच्या मंगळवारी त्यांचं व्याख्यान नेहमीसारखं सुरू झालं. मूल वर्षाचं झालं की, असं म्हणून त्या थांबल्या. मग ओसरीवरच्या डोंगराकडल्या बायकांना म्हणाल्या, "तुम्ही काय देता?" बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सत्तावीस वर्षांत तिथे कुणाला काही विचारलं गेलं नव्हतं. मग एकीने आंबील म्हटलं, दुसरीने भाताची पेज म्हटलं, आणि नर्सबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सोडवताना पोरापेक्षा आईला जड जातं. दोन दिवसांनी होत नाही ते." हिरा मला बाजूला घेऊन काळजीने विचारत होती, नर्सबायला ताप हाय का.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली वसईला झाली. मी ते त्यांना सांगितलं तेव्हा त्या कांदा चिरत होत्या. "बरं," म्हणाल्या. एवढंच. चार वर्षं त्यांच्या हातचं जेवले होते मी. विषमज्वरात एकवीस रात्री त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचं वागणं बदललं. माझं ताट वेगळं वाढून ठेवू लागल्या. कपडे दोरीवर जास्त जागा घेतात म्हणाल्या. एका संध्याकाळी शाळेतून आले तर माझी ट्रंक बांधून ओसरीवर ठेवली होती आणि माझ्या खोलीला गडी चुना देत होते. "नवी भाडेकरू येणार आहे, खोली तयार नको?" त्या म्हणाल्या. अजून दोन दिवस बाकी होते. ते दोन दिवस मी स्वयंपाकघरात निजले. मला खूप लागलं होतं, आणि तेही त्यांनी बघितलं असणार, कारण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

निघायच्या सकाळी टांगा आला तेव्हा त्या न्हाणीघरात होत्या. मी दाराबाहेरून "येते" म्हटलं. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. मी थोडी थांबले, मग टांगेवाल्याने घाई केली.

डहाणू रोडच्या फलाटावर गाडीला अर्धा तास उशीर होता. मी ट्रंकेवर बसून डोळे पुसत होते. तेवढ्यात हिरा टोपली घेऊन आली. तिला बोरिवलीपर्यंत मासळी न्यायची होती. माझ्या शेजारी टेकली, माझ्या तोंडाकडे बघितलं.

"भांडून निघालात का?"

"नाही. मला भेटल्याच नाहीत त्या. आत अंघोळ करत होत्या."

हिराने टोपलीवरचं ओलं फडकं नीट केलं.

"अंघोळ त्या पाचलाच करतात, बाय. मी त्यांच्याकडून आले आता. बोंबील ठेवायला गेले तर टांगा गेल्याच्या वाटेकडं तोंड करून पायरीवर बसल्यात. लुगडं सुकं, केस सुके. हाक मारली तर मला म्हणाल्या, आज नको."

सिग्नल पडला. हिराने एका हाताने टोपली उचलली आणि दुसऱ्या हाताने माझ्या ट्रंकेची कडी धरली.